पिसं झडतायत आणि कोंबड्यांचा शो (प्रदर्शन) जवळ आलाय? सिल्की, कोचीन या जातींच्या कोंबड्या पाळणाऱ्यांनी हे करा

दिवस लहान व्हायला लागले की कोंबडी पिसं टाकते, आधी डोकं, मान, मग छाती-पाठ आणि शेवटी पंख-शेपटी, आजार नाहीये तो, घाबरू नका. पूर्ण पिसारा यायला साधारण 8 ते 12 आठवडे जातात, त्यामुळे शोची तारीख धरून उलटं मोजा.

पिसात 85 टक्क्यांच्या आसपास प्रोटीनच असतं, म्हणून लेयर फीडमधलं (अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातलं) 16 टक्के प्रोटीन पुरत नाही, 20 च्या पुढचं द्या, जोडीला उकडलेलं अंडं नाहीतर सुकट (मीठ धुवून).

नवीन पिसाच्या निळसर नळीत रक्त असतं, दाबली की पक्ष्याला खूप दुखतं, तेव्हा या दिवसांत उगाच हातात घेऊच नका प्लीज. तुटकं पीस मात्र पुढच्या मोल्टपर्यंत (पिसं पुन्हा झडेपर्यंत) तसंच राहतं.

पांढरे पक्षी सावलीत ठेवा, उन्हाने पिवळट होतात. शेपटीखाली पिसांच्या मुळाशी उवांची पांढरी अंडी चिकटलीयत का बघा. अंघोळ शोच्या 2-3 दिवस आधी, कोमट पाणी, बेबी शाम्पू, नीट खळबळून काढायचं, आणि सिल्की तर मुळापर्यंत पूर्ण सुकवायचीच, ओली राहिली की गारठते.