खांदा दुखावलाय? शर्ट घालताना आधी दुखरा हात

सायकलवरून पडून खांदा किंवा कॉलरबोन दुखावली की साधा शर्ट बदलणंही नको होतं. पहिले ४ दिवस मी सवयीने चांगला हात आधी घालत होतो. मग दुखरा हात मागे वळवताना डोळ्यांत पाणी यायचं. क्रम बदलला आणि त्रास खूप कमी झाला.

१. पुढून बटणं असलेला, एक माप मोठा सुती शर्ट घ्या. टी-शर्ट सध्या कपाटातच राहू द्या.

२. पलंगाच्या कडेला बसून किंचित पुढे वाका, दुखरा हात सैल लोंबू द्या. बाही बांगडीसारखी गोळा करा आणि चांगल्या हाताने मनगटापासून खांद्यापर्यंत चढवत न्या. हात बाहीत खुपसायचा नाही, बाहीच हातावर चढवायची.

३. शर्ट पाठीमागून ओढून घ्या, मग चांगला हात घाला.

काढताना आधी चांगला हात, शेवटी दुखरा. हाताला आधार देणारी गळ्यातली झोळी (स्लिंग) शर्टावरूनच बांधा, म्हणजे मानेला पट्टा काचत नाही.

कपडे बदलण्यापुरती झोळी काढलेली चालेल का, हे मात्र डॉक्टरांना आधी विचारा. बोटं बधिर झाली किंवा गार, पांढरी पडली तर लगेच दवाखाना गाठा.