बुलेट ३५० ला २८ मिमीचा कार्ब्युरेटर

माझी जुनी कास्ट आयर्न बुलेट चढाला फारच दमायची. तिचा मूळचा २४ मिमीचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग), मिककार्ब व्हीएम २४, संथ चालीला उत्तम, पण पूर्ण थ्रॉटलला ३४६ सीसीच्या इंजिनाला त्यातून पुरेशी हवा मिळत नाही. म्हणून बुलेट ५०० चा व्हीएम २८ बसवला.

कार्ब्युरेटर बदलणं सोपं आहे, खरी मेहनत जेटिंगची, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांचं (जेटचं) माप जुळवण्याची. आधी कार्ब्युरेटर आणि इंजिनाच्या हेडमधल्या जोडाचं तोंड हेडच्या पोर्टशी, म्हणजे हवा आत जायच्या वाटेशी, जुळवून घेतलं. मध्ये पायरी राहिली तर मोठ्या व्यासाचा फायदा तिथेच जातो. मग चालू इंजिनावर पॅकिंगच्या कडेने थोडं पाणी मारून पाहिलं. आवाज बदलला, तर जोड हवा ओढतोय असं समजायचं.

यानंतर स्पार्क प्लग. कात्रजच्या चढाला पूर्ण थ्रॉटलवर नेऊन, क्लच दाबून इंजिन तिथेच बंद केलं आणि प्लग काढला. त्याच्या टोकाचं पोर्सेलिन पांढरंफटक, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. अशी गाडी कृपा करून ताणू नका, पिस्टन जाम होतो. मेन जेट मोठा टाकत गेलो, तेव्हा कुठे बिस्किटी रंग आला. अर्ध्या थ्रॉटलला गचके उरले होते. नीडलची, म्हणजे मधल्या थ्रॉटलला पेट्रोल ठरवणाऱ्या सुईची, क्लिप एक खाच खाली घेतली, सुई वर आली, पेट्रोल वाढलं आणि गचके थांबले.

आता चढाला गाडी तिसऱ्यातच ओढते, खालचा गिअर टाकावा लागत नाही. टॉप स्पीड फारसा वाढला नाही, मायलेज मात्र घटलं. आणि हे काम करणार असाल तर ब्रेकचे लायनर आधी बदला.