ऊस निघण्याआधी हुकाच्या पिनचा लॉक बघा

गळीत हंगाम तोंडावर आलाय. एकदा तोड आली की कुणाला दम नसतो, म्हणून आत्ताच सांगतो. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणाऱ्या पिनला लॉक आहे का बघा. पिन असतेच, तिच्या खालच्या भोकातला लॉक नसतो. तो हरवला की कुणी तार पिळतं, कुणी खिळा वाकवतं, सुतळी बांधलेलीही पाहिलीय. मागच्या हंगामात आमच्याकडे कालव्याच्या चढावर अशीच तार तुटली आणि भरलेली ट्रॉली मागं घरंगळत चारीत गेली. माणसं वाचली. ऊस मात्र दोन दिवस तसाच पडून. तोडल्यापासून 24 तासांत ऊस गाळावा असं शास्त्र सांगतं. काट्यावर काय घट आली ते त्या मालकालाच ठाऊक.

पिन निसटते रस्त्यावर, पण बिघडते रानात. परतीच्या पावसानं फड ओला असला की पुढं दुसरा ट्रॅक्टर लावून ट्रॉली ओढतात. त्या हिसक्यांत पिन वाकते, लॉक उडतो. म्हणून गाडी डांबरीवर आली की थांबा, उतरा, बॅटरी मारून पिनखाली हात घालून बघा. दोनचाकी ट्रॉलीत मोळ्या मागं जास्त झाल्या तर ट्रॉलीची पुढची जोडदांडी उचलते आणि दर खड्ड्याला पिनला खालून ठोसा बसतो. भार चाकांच्या जरा पुढंच ठेवा.

दुकानदार आपोआप बसणारा महागडा हूक गळ्यात मारायला बघेल. आधी भोकाच्या मापाची पिन घ्या आणि चहा-भज्यांच्या पैशात येणारे चार लॉक. एक चावीच्या जुडग्यातच अडकवा. पिनवर नख फिरवून खाच लागली तर ती भंगारात, हा माझा हिशोब. वेल्डिंगनं भरून वापरू नका.

बाकी नेहमीचं:
- पिन वरून खाली, मुंडी वर
- टॉप लिंकला (ट्रॅक्टरमागचा वरचा दांडा) ट्रॉली कधीच नाही, ट्रॅक्टर पुढून उचलतो
- रस्त्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र जोडलेले
- पिन निसटली तर ट्रॉली धरायला जादा साखळी
- चाकांचे नट, हवा
- मागचे लाल रिफ्लेक्टर वाढ्यांनी झाकलेले नकोत
- ट्रॅक्टर मागं घेताना दांडीपाशी कुणी उभं नको
- ट्रॉली सोडण्याआधी चाकाला उटी (दगड किंवा लाकडी ठोकळा)

डबल ट्रॉली असेल तर मधली पिन कुणीच बघत नाही. ड्रायव्हर म्हणतो टोळीनं बघितली, टोळी म्हणते ड्रायव्हरनं. ती तुम्ही स्वतः वाकून बघा.