वर्गात तंत्रज्ञान वापरताय? या चुका टाळा

प्रोजेक्टर आहे, गूगल क्लासरूम आहे, तरी तास फसतो. कारण बहुतेक वेळा एकच असतं: सर-मॅडम सगळं आपल्या लॅपटॉपवर तपासतात आणि मुलं तेच गगनबावडा-चंदगडसारख्या डोंगरी भागातल्या जेमतेम रेंजवर, मोबाइलवर उघडतात.

जुने मराठी फॉन्ट. सर्वांत जास्त घोळ इथे होतो. श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या नोट्स दुसऱ्या मशीनवर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला होऊन दिसतात. मग कुणीतरी मजकूर सिलेक्ट करून फॉन्ट 'मंगल' करतं. त्याने काहीच होत नाही, कारण या फॉन्टमध्ये अक्षराच्या मागचा कोडच वेगळा असतो. कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे सगळ्या मशीनवर चालणाऱ्या एकाच कोडमध्ये) आणा आणि जोडाक्षरं, रफार एकदा डोळ्यांखालून घाला. चुका नेमक्या तिथेच राहतात. जुन्या फॉन्टचीच पीडीएफ केली की दिसायला ठीक दिसतं, पण त्यात शब्द शोधता येत नाही आणि अंध विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर ते वाचू शकत नाही. नवीन नोट्स तरी थेट युनिकोडमध्येच टाइप करा.

क्विझमध्ये बरोबर उत्तराला शून्य. गूगल फॉर्मच्या शॉर्ट आन्सर प्रश्नात आन्सर कीमध्ये '४' लिहिलंत आणि मुलाने '4' टाइप केलं, तर उत्तर चूक धरलं जातं. ऱ्हस्व-दीर्घाचंही तसंच. शक्य ती सगळी रूपं कीमध्ये घाला, नाहीतर सरळ बहुपर्यायी प्रश्न द्या. गुण लगेच जाहीर न करता 'नंतर, तपासल्यावर' हा पर्याय ठेवा. म्हणजे ऑफिसबाहेर रांग लागत नाही.

लिंक उघडत नाही. ड्राइव्हची फाइल मुळात 'रिस्ट्रिक्टेड' असते. शेअरमध्ये जाऊन 'लिंक असलेल्या कुणालाही' करा, हक्क मात्र फक्त बघण्याचा द्या. एडिटचा दिलात तर परीक्षेच्या आदल्या रात्री कोणी काय पुसेल सांगता येत नाही. ग्रुपवर टाकण्यापूर्वी लिंक इन्कॉग्निटो विंडोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या आपलं लॉगिन नसलेल्या खिडकीत, उघडून बघा.

तासाभराचं रेकॉर्डिंग. ते कुणी डाउनलोड करत नाही. त्याऐवजी स्लाइडची पीडीएफ आणि दहा मिनिटांचा ऑडिओ द्या. ३२ केबीपीएसला दहा मिनिटं म्हणजे साधारण २.४ एमबी, रेंज जेमतेम असली तरी उतरतं. फळ्यावरची आकडेमोड दाखवायचीच असेल, तर एका उदाहरणाला एक छोटी क्लिप पुरे.

ऐन तासाला प्रोजेक्टर. भिंतीवर नुसता वॉलपेपर दिसतोय? विंडोज आणि पी एकदम दाबून 'डुप्लिकेट' निवडा. एचडीएमआय लावल्यावर आवाज गेला असेल, तर तो प्रोजेक्टरच्या स्पीकरकडे वळलेला असतो, आणि तो स्पीकर असतो तरी बारका किंवा नसतोच. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट बदला.

खिडकीकडून उजेड येणाऱ्या वर्गात २८ पॉइंटपेक्षा बारीक अक्षर मागच्या बाकाला दिसत नाही, हे स्लाइड बनवतानाच धरून चाला.

दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका. गरम दिव्याचं आयुष्य त्याने घटतं. पावसाळ्यात लाइट जाते तेव्हा हेच नुकसान होतं, म्हणून लॅपटॉपला नसला तरी चालेल, पण प्रोजेक्टरला यूपीएस हवा. प्रोजेक्टरवर लिहिलेले वॅट बघूनच यूपीएस घ्या.