कपॅसिटर लीक आहे का? एक रेझिस्टर आणि मल्टिमीटरवर तपासा

मीटरवर व्हॅल्यू बरोबर, ईएसआरही (आतला सिरीज रेझिस्टन्स) ठीक, तरी सर्किटमध्ये बसवला की व्होल्टेज बसतं. असा कपॅसिटर बरेचदा लीक असतो, म्हणजे चार्ज झाल्यावरही त्यातून थोडा डीसी करंट जात राहतो. ओहम रेंजवर हे सापडत नाही, कारण तिथे त्याच्यावर जेमतेम एक-दोन व्होल्ट येतात. गळती तपासायची ती कामाच्या व्होल्टेजलाच.

किमान एक पाय सोल्डरमधून मोकळा करा, नाहीतर शेजारच्या पार्टचा करंटही मोजला जाईल. आता 0-30 व्होल्टचा डीसी सप्लाय घ्या. सप्लायचा प्लस 10 किलोओहम रेझिस्टरमधून कपॅसिटरच्या प्लसला, मायनस मायनसला. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांवर लावा. इथे 0.1 व्होल्ट म्हणजे 10 मायक्रोअँपिअर. इलेक्ट्रोलिटिक उलटा लागला तर तापून फुटतो, म्हणून मायनसची पट्टी कुठल्या बाजूला आहे ते पाहून घ्या आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा.

सुरुवातीला रीडिंग खूप मोठं येईल. तो चार्जिंगचा करंट. 1000 मायक्रोफॅरडला त्यातच जवळपास मिनिट जातं. दोन मिनिटांनी वाचा. साध्या इलेक्ट्रोलिटिकची मर्यादा: मायक्रोफॅरड गुणिले व्होल्ट, भागिले 100, उत्तर मायक्रोअँपिअरमध्ये; 3 पेक्षा कमी आलं तर 3 धरा. 100 मायक्रोफॅरड 25 व्होल्टला 25, म्हणजे रेझिस्टरवर 0.25 व्होल्ट.

वर्षानुवर्षं पडून असलेला माल पहिल्यांदा जास्त दाखवतो, कारण आतला ऑक्साइडचा थर पातळ झालेला असतो. आकडा हळूहळू उतरत असेल तर थर परत भरतोय, लगेच फेकू नका. व्होल्टेज टप्प्याटप्प्यानं वाढवत तसाच जोडून ठेवा. आकडा अडकला, वर चढू लागला किंवा डबी कोमट लागली, तर सप्लाय बंद करा आणि तो कपॅसिटर बाद करा. काढण्याआधी 1 किलोओहममधून डिस्चार्ज करा. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करू नका.

फिल्म कपॅसिटरची गळती नॅनोअँपिअरमध्ये असते. तिथे रेझिस्टर काढून मीटरच सिरीजमध्ये लावा. बहुतेक डिजिटल मीटरचा इनपुट 10 मेगओहम असतो, म्हणून 10 मिलीव्होल्ट म्हणजे 1 नॅनोअँपिअर. रेंज मात्र हातानं व्होल्टवर लॉक करा: काही मीटरचा मिलीव्होल्ट रेंजमधला इनपुट कितीतरी जास्त असतो आणि मग हिशेबच चुकतो. फ्लक्सचा थर, बोटांचा घाम आणि पावसाळ्यातली दमट हवाही इथे गळतीसारखीच दिसते. पाय आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मापताना हात लावू नका.

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओतल्या कागदी कपलिंग कपॅसिटरला (एका व्हॉल्व्हकडून पुढच्याकडे सिग्नल नेणारा) मात्र 30 व्होल्ट पुरत नाहीत. सेट बंद करून, फिल्टर कपॅसिटर डिस्चार्ज करून या कपलिंग कपॅसिटरचं आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडचं (सिग्नल आत जातो ती पिन) टोक मोकळं करा. मीटर त्या टोकाला आणि चॅसिसला क्लिपनं जोडा, मगच सेट चालू करा. एसी/डीसी सेटमध्ये (मेन ट्रान्सफॉर्मर नसलेल्या) चॅसिस थेट मेनला जोडलेली असू शकते, म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. मीटर 20 व्होल्ट दाखवत असेल तर गळती 2 मायक्रोअँपिअर. आकडा छोटा वाटतो, पण 470 किलोओहमच्या ग्रिड रेझिस्टरवर त्यानं जवळपास एक व्होल्ट पॉझिटिव्ह येतं, व्हॉल्व्ह जास्त करंट ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर तापतो. तो कपॅसिटर काढून त्याच व्हॅल्यूचा, 630 व्होल्टचा पॉलिएस्टर लावा.