प्रोग्राम थांबवला तरी सिंथवर सूर अडकून राहतो: माझा उपाय

पायथनमधून 'मिडो' लायब्ररी (वाद्याला मिडी संदेश, म्हणजे सूर वाजवण्याच्या सूचना, पाठवणारी) वापरून बाहेरच्या सिंथवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यावर, सूर पाठवताना कंट्रोल-सी दाबलं, की प्रोग्राम थांबतो, पण शेवटचा सूर वाजतच राहतो. केबल बदलून फरक नाही. मिडोचे सगळं बंद करायला सांगणारे आदेश, पॅनिक (कंट्रोलर संदेश १२०) आणि रिसेट (१२३), माझा जुना सिंथ जुमानत नाही. डोकं उठलं होतं.

चाललं ते असं. नोट-ऑन (सूर सुरू करण्याचा संदेश) पाठवण्याआधीच चॅनेल आणि नोट क्रमांक एका सेटमध्ये टाकायचे. नोट-ऑफ (सूर बंद करण्याचा संदेश) गेल्यावरच काढायचे. मुख्य लूप 'ट्राय'मध्ये. 'फायनली'मध्ये (कंट्रोल-सी दाबलं तरी हा भाग चालतोच) आधी सस्टेन (सूर धरून ठेवणारं पेडल), म्हणजे कंट्रोलर ६४, शून्यावर. मग सेटमधल्या प्रत्येक नोटेला नोट-ऑफ. मग अर्धा सेकंद थांबून पोर्ट बंद, नाहीतर शेवटचे संदेश वाटेतच राहू शकतात.

सोळाही चॅनेलच्या १२८ नोटा सरसकट बंद करत बसू नका: मिडी केबलचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, त्यात जवळपास दोन सेकंद जातात.