वळीव येण्याआधी मल्चिंग पेपर उचला. रोटावेटर नको, काडी तर नकोच

कलिंगड, खरबूज, उन्हाळी मिरचीचे प्लॉट संपत आलेत. वळवाची एक दमदार सर पडली की मल्चिंग पेपर, म्हणजे वाफ्यावर अंथरलेलं प्लास्टिक, चिखलात रुतेल, आणि मग तो कुणीच उचलत नाही. बाकीची कामं चार दिवस मागे गेली तरी चालतील, हे नाही.

दरवर्षी तेच बघतोय. मजूर मिळत नाही म्हणून पेपरासकट रोटावेटर फिरवायचा. उरलेला बांधावर गोळा करायचा, त्यावर फुटके पीव्हीसी पाईप आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या टाकून काडी लावायची. रान अर्ध्या दिवसात मोकळं दिसतं. जुलैत त्याच रानात सोयाबीन ठिगळं लावल्यासारखं उगवतं. पिवळं पडलेलं रोप हळूच उपटून बघा. चार बोटं खाली काळा तुकडा, त्यावर मूळ आडवं पसरलेलं आणि माती पचपचीत ओली. तुरीचं सोटमूळ तर तुकड्याला टेकून वळलेलं असतं. दुकानदाराला पान दाखवलंत की तो ह्युमिक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली हातात देतो. खाली प्लास्टिक असताना वरून टॉनिक ओतून काय होणार?

आता पिकापलीकडचं. मल्चिंग पेपर आणि ठिबकच्या लॅटरल (ओळीतल्या बारीक नळ्या) पॉलिथिनच्या, मेन लाइन पीव्हीसीची. इटलीत मानेच्या रक्तवाहिनीतला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या 257 रुग्णांचा अभ्यास मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या 150 जणांच्या थरात पॉलिथिनचे सूक्ष्म कण सापडले, 31 जणांच्या थरात पीव्हीसीचेही. सुमारे 34 महिने लक्ष ठेवल्यावर, कण असलेल्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचारपट दिसला. प्लास्टिकमुळेच झटका आला, असं हा अभ्यास म्हणत नाही. ते कण शेतातूनच गेले, असंही नाही. तंबाखू, बीपी आणि साखर हे जुने वैरी आहेतच. पण पेपराचा भुगा करून आपल्याच मातीत आणि विहिरीत सोडायला कारण काय?

काडी लावणं त्याहून वाईट. पीव्हीसीत वजनाने निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं. पीव्हीसी उघड्यावर धुमसत जळालं की डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं तयार होतात. ती राखेतून आणि धुरातून चाऱ्यावर बसतात, तिथून गाईच्या दुधातल्या स्निग्धांशात आणि मग आपल्या चरबीत. शरीरातलं त्यांचं प्रमाण निम्मं व्हायलाच 7 ते 11 वर्षं लागतात. हा रसायनांचा वर्ग चरबीसोबत रक्तात फिरतो आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला सूज आणतो, असं प्रयोगांत दिसलंय. स्वीडनमधल्या उप्सालात सत्तरीच्या माणसांच्या तपासणीत, रक्तात पीसीबी हे याच जातकुळीतलं रसायन जास्त असलेल्यांच्या मानेच्या रक्तवाहिन्यांत थरही जास्त आढळले.

पेपर असा काढा. आधी लॅटरल गुंडाळून घ्या. वेल बुडाशी कापा. दोन्ही कडांची माती कुदळीने मोकळी करा आणि सकाळी काढा. माझा ठोकताळा सांगतो: मुठीत माती दाबल्यावर गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये, तेव्हा ओढलेला पेपर अख्खा निघतो. रान अगदीच कोरडं असेल तर आदल्या दिवशी तासभर ठिबक चालवा. झटकून, गुंडाळी करून गोणीत भरा. लॅटरल आणि पाईप भंगारवाला घेतो, मातीने माखलेला पेपर घेत नाही, म्हणून झटकायचा कंटाळा नको. स्वच्छ भारत अभियानात तालुक्याला प्लास्टिक कचरा केंद्राची तरतूद आहे. तुमच्याकडचं कुठे आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. तोवर गोणी छपराखाली ठेवा.

पुढच्या वेळी 15-20 मायक्रॉनचा स्वस्त पेपर घेऊ नका. तीन-चार महिन्यांच्या पिकाला 25 मायक्रॉनची शिफारस आहे, आणि तो काढताना फाटतही कमी. ‘आपोआप विरघळणारा’ म्हणून दुकानदार महागडा पेपर गळ्यात मारतात. त्यातला बराचसा उन्हात नुसता तुकडे-तुकडे होतो.

बाकी नेहमीची कामं:
- पेपर निघाल्यावरच नांगरट, मग कुळवाच्या पाळ्या
- सोयाबीन बियाणं घरचं असेल तर उगवण तपासणी. 70 टक्के असेल तर एकरी 30 किलो
- बीजप्रक्रिया: ट्रायकोडर्मा (उपयुक्त बुरशी) 10 ग्रॅम प्रति किलो
- 75 ते 100 मि.मी. पाऊस झाल्याशिवाय पेरणी नाही
- औषधाच्या बाटल्या तीनदा विसळून, ते पाणी फवारणीच्या टाकीतच. बाटलीला भोक पाडून वेगळी ठेवा
- माळ्यावर जुनी बीएचसी पावडर किंवा एंडोसल्फान ही बंदी आलेली कीटकनाशकं असतील तर ती ना धान्याला लावा, ना गोचिडाला. बंद ठेवा आणि कृषी सहायकाला कळवा

ज्यांनी यंदा काडी लावलीच आहे त्यांनी ती राख उकिरड्यात किंवा शेणखतात मिसळू नये. त्या बांधाचं गवत दुभत्या जनावराला कापू नये. आणि कोंबड्या तिकडे उकरायला सोडू नयेत, कारण अंड्याच्या बलकात डायॉक्सिन लवकर उतरतात.